मंगळवारचं पाणी

बत्तिसावा मजला. खरं तर तिसावा.
चार आणि तेरा हे आकडे आम्ही लिफ्टमधून काढून टाकलेत,
त्यामुळे वरचे सगळे आहेत त्याहून थोडे उंच राहतात.
खाली चाओ फ्राया, गढूळ, वाळूचे पडाव ओढत.
अठ्ठ्याण्णव चौरस मीटर, इटालियन संगमरवर,
ओट्यात बसवलेली जर्मन शेगडी,
तिच्यावरचं पारदर्शक प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

हे प्लास्टिक मी गिऱ्हाइकाला आवर्जून दाखवतो.
सुटलेला कोपरा बोटाने दाबून बसवतो.
म्हणतो, नऊ वर्षांत इथे कुणी चहासुद्धा उकळला नाही.
गिऱ्हाईक मान डोलावतं. कोरं ते कोरं.

मालक रॉटरडॅमला दंतवैद्य आहेत.
त्यांनी घेतलं तेव्हा इथे खड्डा होता,
खड्ड्याभोवती पत्रे, पत्र्यांवर हसणारं कुटुंब.
दरसाल सात टक्के, असं तेव्हा मीच सांगितलं होतं.
एकदा आले होते, दोन तास.
खिडकीपाशी उभे राहिले,
मग विमानतळाला किती वेळ लागतो ते विचारलं.

रिकाम्या घराची एक खोड असते.
नळ सोडले नाहीत
तर मोरीखालच्या वाकड्या नळीतलं पाणी आटतं
आणि शहराचा वास वर चढू लागतो,
तीस मजले, एकही जिना न वापरता.
म्हणून दर मंगळवारी लमाय मावशी येते.
रॉय एतची, साठीला टेकलेली.
चपला दाराबाहेर, जोडीने, जशा आपल्या घरी ठेवतात.
दोन न्हाणीघरं, एक ओटा: प्रत्येक नळ पाच मिनिटं.
वर्षातून बावन्न वेळा हे घर असं घोटभर पितं
आणि आम्ही त्याला देखभाल खर्च म्हणतो.

गेल्या मंगळवारी सिंगापूरहून क्वेक साहेबांचा व्हिडिओ कॉल.
मी फोन फिरवत होतो: नदी, संगमरवर, पुन्हा नदी.
भाडं, मेट्रोचं होऊ घातलेलं स्थानक,
पाच वर्षांत किंमत कुठे जाईल,
जीभ आपली आपण चालत होती.
"थांबा," ते म्हणाले. "मागे घ्या. ते काय?"

खिडकीच्या कट्ट्यावर वेताची टोपली, चिकट भाताची.
शेजारी केळीच्या पानात काहीतरी लालभडक.
आणि जॅमच्या बाटलीत पुदिन्याची काडी,
मुळं फुटलेली, पांढरी, भरपूर.
म्हणजे आजची नव्हती ती.

"तिथे कुणी राहतं का?"

मी नाही म्हणालो.
इतक्या चटकन, की माझं मलाच ऐकू आलं.
आत नळ चालू होता.

"वापरलेलं असेल, तर आकड्यावर पुन्हा बोलू."

नऊ वर्षं गुणिले बावन्न, चारशे अडुसष्ट जेवणं.
प्रत्येकी वीस मिनिटं धरली
तर बरोबर साडेसहा दिवस.
एवढंच राहणं झालंय या घरात,
आणि त्यापायी क्वेक साहेबांनी चार टक्के कापले.
दंतवैद्यांनी हो म्हटलं. त्यांनाही सुटायचं होतं.

सह्या झाल्यावर मावशीने विचारलं,
नवे लोक राहायला येणार?
नाही.
मग मंगळवार?
मंगळवार चालू.

बरं, म्हणाली. बाटलीतलं पाणी बदललं,
आणि ती अशा कोपऱ्यात ठेवली
जिथे ऊन येतं पण फोन पोहोचत नाही.
मला दिसेल असं ठेवलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

निघताना सवयीने शेगडीकडे वळलो,
प्लास्टिकचा कोपरा दाबला.
आता तो चिकटत नाही.